हलकी गोळी

मौजे धारवाडी, ता. केज
६ मे १९८२

प्रिय सत्तार,

तुझा जालन्याचा पत्ता मला ख्वाजाचाचांनी दिला. देताना तीनदा विचारलं, कशाला पाहिजे म्हणून. नऊ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुझ्याकडूनही आली नाही, पण तुझी का आली नाही ते आता मला कळलंय. हे पत्र जरीनाभाभीच्या हाती पडलं आणि तिनं माझं नाव वाचून ते चुलीत घातलं, तर तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. एवढंच की आधी तुझ्यापर्यंत पोचू दे. नंतर घालायचं असेल तर घाला.

गावाचं सांगतो. आपण ज्याच्या कडेला पाल ठोकून राहिलो होतो तो दुष्काळातला पाझर तलाव आता माघापर्यंत पाणी धरतो. छावणीच्या जागेवर सोसायटीचं गोदाम झालंय. तू ज्या विहिरीवर इंजिन चालवायचास तिथं विजेची मोटार बसली, आणि दर महिन्याला जळते. मोटार जळाली की बायका घागरी घेऊन कठड्यावर बसतात आणि कुणीतरी म्हातारी म्हणतेच, सत्तार असता तर सांजच्याला पाणी आलं असतं. मी तिथून जात असलो की त्या गप्प होतात. साखर कारखाना उभा राहिला. चिमणी लांबून दिसते. तरी दिवाळी झाली की अर्धं गाव कोयते घेऊन बाहेरच जातं. मी संचालक आहे. सहा वर्षं झाली.

मला तुझ्या अब्बांचा पांढरा बैल आठवतो. आपण पंधरा-सोळाचे असू. निजामाच्या राज्यात जहागीरदाराच्या शिकारीला जाणारा माणूस, पण आपल्याला पहिले सहा महिने बंदुकीला हात लावू दिला नाही. बैल मधे उभा करायचे, त्याच्या पुढच्या पायामागं कोळशानं एक खूण करायचे, आणि आपल्याला त्याच्याभोवती फिरवायचे. इथं उभा राहिलास तर काळीज कुठं? आता इथून? आता बैल तोंडाकडून दिसतोय, आता? मी दर वेळी कोळशाच्या खुणेकडं बोट दाखवायचो. तू दाखवायचास ती जागा वेगळी असायची, कधी बरगडीच्या मागं, कधी मानेच्या मुळाशी, आणि तुझी बरोबर असायची. खूण कातड्यावर असते, काळीज आत असतं, हे तुला पहिल्याच दिवशी कळलं. मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

अब्बा गेल्यावर त्यांची तीनशे पंधराची रायफल परवान्यासकट तुझ्याकडं आली. हलकी रायफल, दस्त्याला तार गुंडाळलेली. तिच्यावर तू ज्वारीतली रानडुकरं पाडलीस आणि एका गोळीच्या वर कधी दुसरी लागली नाही. मला मात्र वाटायचं की हे तुझं नशीब आहे. माझं म्हणणं एकच असायचं, काडतूस दमदार पाहिजे. चार बोटं इकडंतिकडं झालं तरी जनावर बसलं पाहिजे. पंपाच्या खोलीत आपण यावर तासन्‌तास वाद घातला. तू इंजिन पुसता पुसता म्हणायचास, "गोळीनं न्हाई मरत जनावर, जागेनं मरतं. मोठ्या गोळीनं चुकीच्या जागी मारलं तर मोठी जखम होती, दुसरं काय." मी हसायचो. आमचा धाकटा मुंजाजी दारात बसून ऐकायचा. त्याला बंदुकीत रस नव्हता, त्याला आपल्या दोघांच्या भांडणात रस होता. आपण दमलो की तोच चहा ठेवायचा.

मग बहात्तर साल आलं. तुला ते सांगायला नको. लाल मिलोच्या भाकरी, सुकडीच्या रांगा, तलावाच्या कामावर सात गावची माणसं आणि खडी फोडण्याचा आवाज. मुंजाजी तिथं हजेरी लिहायचा. डोंगरातलं पाणी आटलं तसा बिबट्या खाली आला. आधी कुत्री नेली, मग शेळ्या. वैशाखात एका सकाळी पाण्याला निघालेल्या सुभद्राबाईच्या पाठीवर तो पडला. बायकांनी घागरी बडवून त्याला हुसकला म्हणून म्हातारी वाचली, पण तिचा खांदा गेला. दुसऱ्या दिवशी कामावर निम्मीच माणसं आली. कलेक्टर कचेरीतून बिबट्या मारायच्या परवानगीचा कागद आला आणि सगळ्यांच्या तोंडी तुझंच नाव होतं.

तिथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण तेव्हा भगवानराव कारखान्यासाठी गावोगाव सभासद जमवत होते. त्यांनी जीपमधून आपली तीनशे पंचाहत्तरची रायफल आणली आणि ती तुझ्या हातात न देता माझ्या हातात दिली. मला म्हणाले, पंडितराव, संचालक मंडळात तुमच्या भागातला माणूस घ्यायचाय. लोकांनी ज्याचं नाव घ्यावं असा पाहिजे. एवढंच म्हणाले. मला पुढचं समजलं. ते काडतूस तळहातावर घेऊन मी तुला दाखवलं होतं, आठवतं? मधल्या बोटापेक्षा लांब. मी म्हणालो, याच्यानं रेडा उभा कापला जातो, बिबट्याचं काय. तू ते उलटंपालटं करून परत दिलंस आणि विचारलंस की ही रायफल मी कधी चालवली आहे का. मी म्हणालो, दोनदा. खरं म्हणजे एकदाच, आणि तीही टेकडीवरच्या डब्यावर.

ती संध्याकाळ. लिंबाच्या झाडावर मचाण, खाली बांधलेली शेळी. तू माझ्या उजव्या हाताला आणि मागच्या फांदीवर भगवानराव. दिवस डोंगराला टेकला होता, उजेड चांगला होता. तो ओढ्यातून वर आला आणि शेळीकडं न जाता आपल्या झाडाच्या रोखानं उभा राहिला. तोंड आपल्याकडं, अंग तिरकं, डोकं खाली. तू हळूच माझ्या मनगटावर हात ठेवलास. त्याचा अर्थ मला माहीत होता. थांब, वळू दे, पुढचा पाय पुढं पडू दे. तो वळणारच होता, शेळी ओरडत होती. माझ्या मागं भगवानरावांनी श्वास रोखलेला मला ऐकू आला. मला वाटलं, वाट बघत बसलो आणि तू उडवलास तर लोक तुझंच नाव घेतील. तुझा हात मनगटावर असतानाच मी घोडा दाबला.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, सत्तार. स्वतःलासुद्धा.

तो हवेत उसळला, पडला, आणि उठून ओढ्याकडं पळाला. तेवढ्यात तूही एक गोळी झाडलीस. मग तो झुडपात शिरला. मी ओरडलो की खांद्यावर लागली, मी डोळ्यांनी बघितली. भगवानरावांनी माझी पाठ थोपटली. तू खाली उतरून रक्त बघितलंस, बोटानं चोळलंस, वास घेतलास. तुझा चेहरा उतरला. तू सांगितलंस की आता शिरायचं नाही, आणि सकाळीसुद्धा घाई करायची नाही. दुपारपर्यंत थांबू, छावणीतल्या चार म्हशी पुढं घालून जाऊ, त्याला अंग आखडू दे. हे तू दोनदा सांगितलंस. पण भगवानरावांना सकाळी दहाला बीडला साहेबांची भेट होती, आणि त्याआधी त्यांना बिबट्याबरोबर फोटो पाहिजे होता. म्हणून उजाडताच आपण निघालो. निघायचं मी ठरवलं. मी जाणार म्हटल्यावर तू आलास, आणि आपण दोघं जाणार म्हटल्यावर मुंजाजी आला. हातात काठी. मी त्याला परत जा म्हणालो, पण एकदाच म्हणालो.

ओढ्यातलं मी जास्त लिहीत नाही. करवंदीच्या जाळीतून तो निघाला तो सरळ मुंजाजीवर. माझ्या हातात रेडा कापणारी रायफल होती आणि मी ती झाडू शकलो नाही, कारण त्याच्या खाली माझा भाऊ होता आणि गोळी आरपार गेली असती. मी नुसता उभा राहिलो. तू तीन पावलं पुढं गेलास, गुडघ्यावर बसलास, आणि त्या गोंधळातसुद्धा क्षणभर थांबलास. मला तेव्हा तुझा राग आला होता, की हा थांबतो कावून. तू त्याचा पुढचा पाय हलायची वाट बघत होतास. तुझी हलकी गोळी गेली आणि तो मुंजाजीवरून बाजूला कलंडला, पुन्हा हलला नाही. मुंजाजीला गोळीचा चरासुद्धा लागला नव्हता. पण मान गेली होती. जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्यानं मला पाणी मागितलं, आणि वाटेतलं पाली गाव यायच्या आत तो गेला.

चिरफाड झाल्यावर बीडच्या दवाखान्यातून त्याला घेऊन मी दुसऱ्या दिवशी गावात आलो तेव्हा पंचनामा झालेला होता. चावडीपुढं जमादार, भगवानराव, सगळं गाव. पोटात लागलेल्या गोळीनं बिबट्या पिसाळला आणि त्यातून माणूस गेला, हे सगळ्यांना कळलं होतं. ती गोळी कुणाची, एवढंच राहिलं होतं. जमादारानं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास:

"माझी हाय साहेब. पंडितची खांद्याला लागलती. माझी गोळी हलकी पडली."

मुंजाजीची तिरडी बांधत होते तेव्हा मी हे ऐकलं. मला रडायला माणूस पाहिजे होतं आणि मारायला माणूस पाहिजे होतं, आणि तू समोर उभा राहिलास. मी सगळ्या गावादेखत तुझ्या तोंडात मारली. तू हात वर केला नाहीस. मुंजाजीची कौशल्या सहा महिन्यांची पोर कडेवर घेऊन तुझ्या दारात गेली आणि तिनं जे शाप दिले ते जरीनाभाभीनं उंबऱ्यात उभं राहून ऐकले. मग मी एक एक करून सगळं केलं. जमादाराकडं लेखी जबाब दिला. तुझा परवाना रद्द झाला, अब्बांची रायफल ठाण्यात जमा झाली. सोसायटीच्या बैठकीत तुला पंपावरून काढायचा ठराव मीच मांडला. कुणी बोललं नाही, म्हणून एकमतानं झाला. मिरगाच्या आधी तुम्ही गाव सोडलंत. तुझी अम्मा बैलगाडीत मागं तोंड करून बसली होती. मी गोठ्यातून बघत होतो.

या चैत्रात मी वडवणीच्या बाजारात बैल बघायला गेलो होतो. तिथं ख्वाजाचाचा भेटले. गावात असताना बकरी कापायचे ते, आता लेकीकडं असतात, दिसायला कमी आलंय. त्यांनी आवाजावरून मला ओळखलं. चहाच्या हॉटेलात बसलो आणि बोलता बोलता मी तुझ्यावर काहीतरी वाईट बोललो. इतक्या वर्षांची सवय. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, आता माझे दिवस भरलेत, हे घेऊन कबरीत जायचं मला जड जाईल. मग त्यांनी सांगितलं. मी बीडला मुंजाजीपाशी होतो तेव्हा बिबट्याचं कातडं काढायला त्यांना बोलावलं होतं. तू एकटा शेजारी बसला होतास. अंगावर जखमा दोनच. एक काखेत, त्या सकाळची, तुझी. तिनं काळीज फोडलं होतं. दुसरी पोटात, फाटलेली. मांडीच्या हाडात अडकलेली गोळी चाचांनी सुरीनं काढली. अंगठ्याएवढी जाड. तुझ्या रायफलीत ती शिरलीच नसती. संध्याकाळची तुझी गोळी दगडावर गेली होती, तो फुटलेला दगड तू आधीच बघून आला होतास. तू ती जाड गोळी धुतलीस, खिशात घातलीस, आणि चाचांना कुराणाची शपथ घातलीस. तू म्हणालास, भाऊ तर गेलाच; आपल्याच हातानं गेला हे पंडितला कळलं तर तो जगायचा न्हाई. माझ्यावर राग धरून तरी जगंल.

मी जगलो, सत्तार. तुझ्यावर राग धरून मी चांगला जगलो. संचालक झालो.

वडवणीहून परत येताना मी बैल घेतला नाही, एसटीही धरली नाही. किती चाललो कुणास ठाऊक. मला चाचांच्या बोलण्याचा धक्का बसला असं मी म्हणालो तर तेही खोटं होईल. मला ते माहीत होतं. ज्या माणसानं जन्मभर सांगितलं की गोळी हलकी-भारी नसते, जागा चुकते, तो माणूस चावडीपुढं उभा राहून म्हणतो की माझी गोळी हलकी पडली. एवढं एकच वाक्य माझ्यासाठी पुरेसं होतं. ते तुझं वाक्य नव्हतं, माझं होतं. पंपाच्या खोलीत मी हजारदा बोललेलं. तुला दुसरं खोटं सुचलं नाही म्हणून तू माझंच बोलणं उचललंस, तुझ्या अब्बांनी शिकवलेलं सगळं लोकांपुढं मोडून. त्या क्षणी मला आत कुठंतरी कळलं होतं, आणि मी हात उचलला तो ते कळू नये म्हणून. मी तुला मारलं तेव्हा तू माझ्याकडं बघत होतास. तुझ्या नजरेत राग नव्हता. तेवढं मात्र मला नऊ वर्षांत विसरता आलं नाही.

आता हे पत्र आजच का लिहितोय ते सांगतो. तीन दिवसांपूर्वी मुंजाजीचं श्राद्ध होतं. दर वर्षी पान ठेवून झालं की कौशल्या हात जोडते आणि तुझं नाव घेऊन म्हणते की त्याच्या घरात दिवा लागू नये. दर वर्षी मी खाली मान घालून ऐकतो. या वर्षी मला ते ऐकवलं नाही. मी म्हणालो की त्याला शाप देऊ नको, गोळी माझी होती. एवढंच म्हणालो.  तीन दिवस तिनं माझ्या घरातलं अन्न खाल्लं नाही, शेजारून भाकर आणून पोरीला घातली. तिची ट्रंक भरलेली आहे, उद्या तिचा भाऊ न्यायला येणार आहे. आजवर ती माझ्याशी कधी चौकटीच्या बाहेर येऊन बोलली नव्हती. आज सकाळी डोक्यावरचा पदर सावरून समोर उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, मला काय सांगता? नऊ वर्सं मी ज्याला शाप दिले त्याला आधी सांगा. सगळं लिहा. अन् पेटीत टाकायच्या आधी मला वाचून दाखवा." मला ती क्षमा करील असं वाटत नाही आणि तू करावीस असं मी मागत नाही; तुझं उत्तर आलं नाही तरी मला त्याचा अर्थ कळेल. ती उंबऱ्याशी बसली आहे. पोरीला तिनं शेजारी पाठवलंय. गोळी माझी होती एवढंच तिला माहीत आहे. बाकीचं सगळं ती आता पहिल्यांदा ऐकणार आहे. शाई वाळली की मी बाहेर जाऊन वाचायला सुरुवात करतो.

जरीनाभाभीला माझा सलाम सांगायचा की नाही, ते तूच ठरव.

कधीकाळी होतो तसा, तुझाच
पंडित